अठ्ठावीस बाटल्या

—हलू नका साहेब, कान जाईल. कान गेला तर दुपारची सुनावणी ऐकणार कशानं? सुनावणीलाच आलात ना? नाहीतर मंगळवारी आमच्या गावात टाय लावून कोण फिरकतंय! पेपरवाले असाल. असा, असा. दोन वाजता आहे, शाळेच्या हॉलमध्ये, अजून तासभर अवकाश आहे. गंमत बघा – सत्तर वर्षं ही कागदाची गिरणी नदीत वाट्टेल ते सोडतेय, कुणी हूं की चूं केलं नाही. आणि आता वॉशिंग्टननं कायदा केला दोन वर्षांपूर्वी, आणि ते पर्यावरण खातं, चार वर्षांचं पोर, दुधाचे दात पडले नाहीत अजून – ते गिरणीला विचारणार, काय सोडतेस, किती सोडतेस, लिहून दे, मग परवाना देतो! मला तर बुवा मजा वाटते. मान खाली घ्या जरा.

तसा कागद आमच्याकडे आधीही होता. तो पलीकडचा काठ दिसतो ना, तो कॅनडा. एकोणीसशे नऊ साली दोन्ही देशांनी करार केला – ह्या काठानं त्या काठाचं पाणी नासवायचं नाही. सह्याबिह्या झोकात केल्या. फक्त माशांना वाचून दाखवायचं राहिलं, ते बिचारे तोवर मेले. हसताय काय, खरं आहे! माझा बाप समोरच्या ह्या पुलाखाली सामन मासे पकडायचा. कल्ले किती ठेवायचे? राहू दे, मीच बघतो.

मी? छे हो, मी नाही बोलणार. माणशी तीन मिनिटं देतात म्हणे, तीन मिनिटांत माझा घसाही खाकरून होत नाही. आणि रोझेर न्हाव्यानं कशाला तोंड उघडायचं? दहा गिऱ्हाइकांतली आठ गिरणीची. गिरणीचा मॅनेजर नॉर्माँ तर माझा मेव्हणा – ऑरोरचा, माझ्या बायकोचा, धाकटा भाऊ. ह्याच खुर्चीत बसतो. आमच्याकडे रीतच आहे, खुर्चीतलं बोलणं खुर्चीत, केसांबरोबर झाडून टाकायचं. मागच्या आठवड्यात मला म्हणाला, रोझेर, अर्जात आम्ही लिहिलंय – नदी मुळातच काळी, वर दलदलीतून येते, आजोबांच्या काळापासून अशीच. आणि डोळा मारला. मीही हसलो. हसलो, आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. राग आला होता, साहेब. त्याचा नाही, माझ्याच हसण्याचा.

कारण माझ्याकडे बाटल्या आहेत ना! अहो, दारूच्या नव्हेत. ते बेसिनखालचं कपाट. लग्नाच्या दिवशी, सत्तेचाळीस सालची गोष्ट, ऑरोरला पुलावर घेऊन गेलो, खिशात तेलाची रिकामी बाटली होती, खाली उतरून नदीचं पाणी भरून दिली – म्हटलं, हिरे परवडत नाहीत, हे घे. काय हसली होती! मग दर वर्षी लग्नाच्या वाढदिवसाला एक बाटली. बूच, वरून मेण, वर्षाची चिठ्ठी. पहिल्या बाटलीतून पेपर वाचता येतो. पंचावन्नची – वर गिरणीनं नवा विभाग काढला, त्याच्या दुसऱ्या वर्षीची – पातळ चहा. साठची कडक चहा. यंदाच्या बाटलीला काय म्हणू, तुम्ही जेवून आलायत. ऑरोर एकदा म्हणाली, वास मारतात, टाकून दे. टाकल्या म्हणून सांगितलं. नऊ वर्षं झाली, पण दर वर्षीची बाटली गुपचूप भरतोच. आजवर कुणाला बोललो नाही, तुम्ही परके म्हणून—

हात का काढताय कापडाखालून? खाज येतेय? कार्ड? थांबा, चष्मा... अरे देवा. सुनावणी तुम्हीच घेणार? मग इतका वेळ बोलला का नाहीत? ... हो, तेही खरं, मी बोलू कुठं दिलं. बरं, झालं ते झालं, खुर्चीतलं खुर्चीत— नाही? कसला नियम? सुनावणीबाहेर कुणी कानावर काही घातलं, तर ते सगळ्यांसमोर वाचून दाखवावं लागतं? सगळं? बाटल्याही? नॉर्माँनं डोळा मारला तेसुद्धा? सगळ्या गावापुढं, ऑरोर पहिल्या रांगेत बसणार, आणि तुम्ही वाचणार – रोझेर म्हणाला, टाकल्या म्हणून सांगितलं!

थांबा. बोलू नका. वस्तरा आधी खाली ठेवू द्या.

नाही, हे तुम्ही वाचायचं नाही. तुम्ही वाचलंत तर मी चहाडखोर ठरतो, वस्तऱ्याआडून बोलणारा. मीच सांगतो. नाव कुठं नोंदवायचं, दारात? नोंदवतो. तुमचा नियम तुम्ही पाळा, फक्त आधी मला बोलू द्या. थांबा, घरी फोन लावतो... ऑरोर? मी. ऐक, त्या बाटल्या... टाकल्या नव्हत्या गं. इथंच आहेत... काय? कधीपासून?... आणि पुसत होतीस? मला वाटायचं, कपाटात धूळच कशी बसत नाही! ऐक, मी आज बोलणार आहे. तुझा भाऊ समोर असेल... हो. हो गं. ये मग लवकर, बाटल्यांचं खोकं दोघांनी उचलायला लागेल.

ठेवला फोन. रडतेय, पण येतेय.

उठा साहेब. नाही, दुसरा कल्ला राहू दे, बाटल्या खोक्यात भरायच्यात मला. सुनावणी झाल्यावर या, तेव्हा गिऱ्हाइकांची गर्दी नसेल इथं. खोक्याला हात लावू नका हं, तुमच्या नियमात बसायचं नाही ते. व्हा पुढं – आणि दारावरची ‘दुकान चालू’ची पाटी तेवढी उलटी करून जा.