खंडूतात्याची मुकी केबिन

मंडळी, देवानं डोळ्यांना पापण्या दिल्या. नको ते दिसलं की मिटता येतात. तोंडाला ओठ दिले. तेही मिटायसाठीच दिलेत, आपण विसरलो हा भाग वेगळा! मग कानालाच झाकण का दिलं नाही? विसरला? की सामान संपलं? पुढच्या रांगेतल्या काकांच्या चेहऱ्यावरून दिसतंय, झाकणाची त्यांना घरी फार निकड आहे. काकू, हसू नका. तुमचाही नंबर येणार आहे.

तर ऐका. या प्रश्नाचं उत्तर मी देत नाही, खंडूतात्या देतील.

खंडूतात्या पिंगळे, राहणार करमाळा. धंदा मालवाहतूक. ट्रक जुना — आणि जुन्या ट्रकात इंजिन कुठं असतं? ड्रायव्हरच्या मांडीला मांडी लावून! पंगतीला व्याही बसावा तसं. व्याह्यासारखंच गरम, आणि गप्प म्हणून बसत नाही. केबिनमध्ये बोलायचं तर ओरडूनच. बरं, केबिनमधली ही सवय घरीही आली. तात्या हळूच म्हणायचे, आमटीत मीठ कमी आहे. आणि पलीकडच्या आळीतून कुणीतरी मीठ घेऊन यायचं.

शेवटी कानाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं, की हा गोंगाट कमी करा, नाहीतर कान जातील. ऐकू येत नाही त्याला गाडी कोण चालवू देणार? तात्या घाबरले. पण आव असा आणला, की डॉक्टरच घाबरलेत.

आता तात्यांच्या शेजारच्या सीटवर कोण? लतीफ. क्लीनर. तात्यांच्याच वयाचा, डोक्यावरचे केसही दोघांनी जोडीनंच घालवलेले. लतीफचं मोठं काम गाडी मागे घेताना. तो मागं उभा राहून फळीवर थाप मारायचा. एक थाप म्हणजे येऊ द्या. लागोपाठ दोन म्हणजे थांबा. ती थाप फळ्यांमधून केबिनच्या पत्र्यात यायची आणि तात्यांच्या पाठीत उतरायची. कानाला कमी, पाठीला जास्त कळायची. आरशात तात्या पाहायचे ते फक्त भांग. तोही आता राहिला नव्हता.

तात्या कामाला लागले. सीटा बाहेर काढल्या. पत्रा घासून पुसून त्यावर डांबरी शीट चिकटवली. इंजिनाच्या झाकणाला आतून जाड नमदा लावला, दाबलेल्या लोकरीचा, उष्णतेला टिकणारा. दारांना नवी रबरी पट्टी. गिअरच्या दांड्याभोवती, पायाखाली, जिथं जिथं भोक तिथं तिथं रबर. कारण मंडळी, आवाज भिंतीतून येतो थोडा, फटीतून येतो फार! एकत्र कुटुंबात राहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पाठीमागच्या पत्र्यावर तर तात्यांनी डबल थर दिला. लतीफ म्हणाला, तिथं थोडं उघडं राहू द्या. तात्यांनी ऐकलं नाही. तेव्हा ऐकू येत होतं, तरी ऐकलं नाही!

गाडी सुरू झाली. केबिन गार आणि गुमान. तात्यांना स्वतःचा खोकला ऐकू आला. आणखी काहीतरी ऐकू येत होतं.

"लतीफ, तू एवढं बोलतोस?"

"पहिल्यापासून बोलतोय उस्ताद. तुम्ही मान हलवायचा, मला वाटायचं पटतंय."

तात्यांनी काच वर केली, गादीला टेकले. राजा झाला माणूस.

माल होता सरकी पेंडीचा, पोचवायचा एका गावच्या दूध डेअरीवर. डेअरीचं आवार अरुंद, मागं दगडी भिंत. लतीफ उतरला, मागं गेला. तात्यांनी रिव्हर्स टाकला. वाटेत दुधाचे कॅन होते. ते उचलायला लतीफ वाकला, सांडलेल्या ताकावरून पाय सरकला, आणि सावरून उभा राहिला तो भिंत आणि ट्रक यांच्या मधोमध! दोन्ही बाजूंना कॅन. त्यानं थाप मारली. दोनदा. पुन्हा दोनदा. मग दोन्ही हातांनी.

आत काय? शांतता. डबल थराची!

गाडी मागं येतेय. तात्या खुशीत. आणि मंडळी, अचानक त्यांच्या पाठीला गार लागलं. काहीतरी कमी होतं. पानात सगळं वाढलंय आणि मीठच नाही, तसं. येऊ द्याची थाप कुठंय? आजवर लतीफच्या थापेशिवाय ही गाडी हातभरही मागं गेलेली नव्हती. तात्यांचा पाय आपोआप ब्रेकवर गेला.

ते उतरून मागं धावले. लतीफ भिंतीला पाठ लावून उभा. छाती आणि फळी यांच्यात त्याचाच एक तळहात, आडवा.

"मी कवाचा थाप मारतोय. कुठं होतात उस्ताद?"

 तात्या म्हणाले, "केबिनमध्ये."

"ते दिसलं," लतीफ म्हणाला. "आता गाडी पुढं घ्या."

तात्यांनी गाडी पुढं घेतली. पेंड उतरायच्या आधी पाना नाही, जॅक नाही, कटर मागितला. सीटच्या पाठीमागं लतीफला हात ठेवायला लावला, खडूनं त्याच्या पंजाभोवती रेघ ओढली, आणि तेवढाच नमदा, तेवढीच शीट कापून पत्रा उघडा केला. बाकी सगळं जागच्या जागी. कान वाचले, केबिन अजून मुकी आहे. घरी आमटीची चर्चा घरातच होते. आणि लतीफनं थाप मारली की तात्यांची पाठ म्हणते, आलं, आलं!

आता तुम्ही सांगा, झाकण का नाही दिलं? डोळे पुढचं बघतात, तोंड पुढच्याशी बोलतं. मागं उभा आहे, त्यानं आपल्यापर्यंत यायचं कुठून?

मी म्हणत नाही की जगाचा गोंगाट ऐकत बसा. लावा नमदा! शेजारणीच्या बातम्यांना लावा, भाऊबंदकीला लावा, फार लांबलं तर माझ्या कीर्तनालाही लावा. पण काका, घरी गेल्यावर आपली पाठ चाचपून बघा. काकूंच्या तळहाताएवढी जागा उघडी आहे ना? आणि काकू, तुमच्याही पाठीला काकांच्या?

कारण देवही हाका मारत पुढून येत नाही. मागं उभा राहून थाप मारतो. दोनदा.

उचला टाळ. पण शेजारचा ऐकू येईल, इतपतच.