एक्सपी चढली, नवी विंडोज दिसत नाही

हॅलो?… हो वल्लरी, बोल. अकरा वाजता ती जुनी एक्सपी चढली. नवी विंडोज गायब आहे.

… गायब म्हणजे दिसत नाही. तू म्हणाली होतीस, चालू करताना विचारेल, नवी हवी की जुनी. काही विचारत नाही. सरळ जुनीच उघडते.

… नाही, डिस्कच्या रिकाम्या भागातच टाकली. बाबा शेजारी होते. त्यांनीच पडद्यावर बोट ठेवून दाखवला.

… हो, हो… अगं ऐक ना. आधी निळा पडदा आला. मग तू सांगितलेली डिस्कची सेटिंग बदलली, तेव्हा पुढे सरकलं.

… रडत नाहीये. कशाला रडू? एवढंच सांग, बाबांच्या डिक्टाफोनच्या फाइली गेल्या का?

… बरं. माय कॉम्प्युटर… उघडलं. सी, डी, ई… हो, डी आहे. उघडते… आहे. ‘कालवा’ फोल्डर आहे. थांब, बाबा टेबलावर टकटक करतायत. पाटीवर लिहितायत… ‘सगळ्या आहेत.’

… म्हणजे नवी पुसली गेली नाही? फक्त विचारायचं बंद झालं. नंतर दुरुस्त होईल. पक्कं?… बरं.

… आई इथेच बसलीय, खुर्चीत. ऐकतेय सगळं… कशी असणार? ऑपरेशननंतर बाबांना बोलता येत नाही, आणि पाटीवरचं हिला दिसत नाही. मोबाईलवर लिहिलं की मोबाईल बोलतो, पण तो आवाज… इथे सेक्टर त्रेचाळीसच्या बसस्टँडवर बस लागली म्हणून सांगतात ना, तसला. मागच्या आठवड्यात बाबांनी लिहिलं, चहा घेतेस का? मोबाईल बोलला. आई परक्या माणसाला म्हणावं तसं म्हणाली, ‘नहीं जी, अभी पिया.’

… हसले ना मी पण. बाबा उठून बाल्कनीत गेले.

… हो, म्हणूनच. थेरपिस्ट म्हणाल्या, जुन्या आवाजाचं रेकॉर्डिंग द्या, मोबाईल त्यांच्याच आवाजात बोलेल. ते ऐकल्यापासून आई मोबाईलला उत्तरच देत नाही. यांचा आवाज आला की बोलेन म्हणते.

… तुझ्या लग्नाची कॅसेट? बघितली. त्यात सगळीकडे सनई, आणि बाबा मागे ‘जेवून जा, जेवून जा’. एकट्याचा, स्वच्छ आवाज यातच आहे.

… मराठीतच गं. बाबा कालव्याचं काम तपासायला जायचे तेव्हा ठेकेदाराची माणसं घुटमळायची, त्यांना कळू नये म्हणून मराठीत बोलून ठेवायचे. ‘सिमेंट कमी आहे. समोरचा हसतोय, पण खोटं बोलतोय.’ असलं सगळं.

… हो, ते करून झालं. डिक्टाफोनच्या फाइली उघडणारा जो प्रोग्रॅम नवीवर चढत नव्हता, तो इथे चढला. उघडते… उघडला. डावीकडे फाइली दिसतायत. पहिलीच लावू?

… आई, थांब जरा, लावतेय. … नाही, तुला नाही, आईला म्हटलं.

… लावली. चालू झाली. खाली सेकंद सरकतायत.

… नाही.

… नाही, काहीच ऐकू येत नाही.

… स्पीकर चालू आहेत. दिवा लागलाय. बटण पूर्ण फिरवलंय… खाली कोपऱ्यात? स्पीकरचं चित्र?… चित्रच नाही तिथे.

… ड्रायव्हर नाही म्हणजे? एक्सपीला या मशीनचं साउंड कार्ड ओळखता येत नाही… मग तो ड्रायव्हर मिळेल?

… म्हणजे तुलाही माहीत नाही.

… चिडले नाही. विचारतेय फक्त. मिळेल की नाही?

… दुसऱ्या प्रकारात सेव्ह? बघते… आहे, पण फिकट दिसतंय. दाबलं जात नाही… पुन्हा दाबलं. नाही.

… बाबा? बघतायत पडद्याकडे. त्यांना कळलंय बहुतेक. पाटी खाली ठेवलीय.

… थांब, आई काहीतरी म्हणतेय… काय गं आई?… हो, लागली फाइल. चालू आहे.

… वल्लरी, ती विचारतेय, मग हे बोलत का नाहीत.

… नाही, बंद नाही केली. एक मिनिट बारा. तेरा. आई कान पुढे करून बसलीय.

… काय सांगू तिला?