हनुवटी वर

(घराची बैठकीची खोली. विधानसभेच्या सभागृहाच्या दारावरचा म्हातारा पट्टेवाला आणि नुकत्याच वारलेल्या पोहायला शिकवणाऱ्या बाईंची लेक.)

पट्टेवाला : ...कुणाचाच विश्वास बसणार नाही, तुझा तर नाहीच. मलाच कुणी हे सांगितलं असतं, तर मी त्याला दारातून परत पाठवला असता.

लेक : काका, आधी टेका. केवढी धाप लागलीय!

पट्टेवाला : जिना चढून आलो ना.

लेक : आम्ही तळमजल्यावर राहतो.

पट्टेवाला : तेच तर! नसलेला जिना फार दमवतो. ऐक, आज बाईंचा शोकप्रस्ताव आला.

लेक : ठाऊक आहे, म्हणूनच गेले नाही. ‘या सभागृहाला तीव्र दुःख होत आहे.’ नाव तेवढं बदलायचं, मजकूर तोच. आईला असं उरकलेलं मला बघवलं नसतं. तिच्यासाठी एकाला तरी आतून काही वाटलं का, एवढंच सांगा.

पट्टेवाला : एकाला? अगं, अध्यक्ष ‘तीव्र’पर्यंत आले आणि अडकले! ढसाढसा रडले. त्यांना बाईंनी लहानपणी मानगुटीला धरून नदीत सोडलं होतं.

लेक : अध्यक्षांना?

पट्टेवाला : कुणाला सोडलं नाही ते विचार! शाळेची होडी उलटली, त्या दिवशी काठावर उभं राहून बाई म्हणाल्या, यापुढे या गावातलं एकही माणूस पाण्याला द्यायचं नाही. मग काय! न्हावी, वकील, नवरी मुलगी, जो दिसेल त्याला पाण्यात.

लेक : आणि खरंच, पुढे एकही गेलं नाही. पुरातसुद्धा नाही.

पट्टेवाला : नदीच घाबरायची त्यांना. उगाच नाही पात्र बदललं तिने.

लेक : काका!

पट्टेवाला : बरं, राहिलं. तर मौन सुरू झालं.

लेक : म्हणजे फोन वाजले असतील, माणसं आत-बाहेर करत असतील.

पट्टेवाला : माझ्या दारावर? मौन म्हटलं की दार बाहेरून ओढून घ्यायचं आणि पाठ लावून उभं राहायचं. मुंगी शिरत नाही. तर मौनात रीत अशी की मान खाली. पण बाईंसाठी मान खाली घालायची कुणाची छाती आहे?

लेक : ‘हनुवटी वर, श्वास धर.’

पट्टेवाला : अगदी हेच! आधी अध्यक्षांची हनुवटी वर गेली, मग मंत्र्यांची, मग विरोधकांची. अख्खं सभागृह गाल फुगवून छताकडे बघतंय! आता मौन संपवायला घंटा कोण वाजवणार? अध्यक्षांनी हात हलवला तर त्यांचाच श्वास सुटायचा. सरकार आधी सोडेना, विरोधक आधी सोडेनात. अर्थमंत्री वांग्यासारखे जांभळे!

लेक : पुरे, पोट दुखतंय माझं.

पट्टेवाला : हसू नकोस. मग जे झालं ना, पोरी, त्याने अंगावर काटा आला. पंख्यांचा आवाज थांबला. उजेड हिरवा झाला, सकाळी नदीच्या तळाशी असतो तसा. आणि एकेकाचे पाय जमिनीवरून सुटले. सगळे तरंगत होते गं! अलगद. जसं खालून कुणी तळहात लावलाय.

लेक : ...आई तसाच लावायची. पाठीखाली.

पट्टेवाला : आणि आपल्याला न सांगता काढून घ्यायची. आपण आपले तरंगतोय.

लेक : ती म्हणायची, तुम्ही तिचे सगळ्यांत ढ विद्यार्थी. केस पिकल्यावर आलात, आणि तरी हात सोडायला तयार नव्हतात.

पट्टेवाला : विषय बदलू नकोस.

लेक : बरं. मग श्वास आधी कुणी सोडला?

पट्टेवाला : ते काही दिसलं नाही. डोळ्यांपुढे काजवे चमकले, कानात घूं घूं व्हायला लागलं...

लेक : कुणाच्या?

पट्टेवाला : त्यांच्या. सगळ्यांच्याच.

लेक : काका, मौनात तुम्ही दाराबाहेर असता, आत्ताच म्हणालात. आतलं तुम्हाला काहीएक दिसलेलं नाही. दाराला पाठ लावून, हनुवटी वर करून, घेरी येईपर्यंत श्वास धरला तो तुम्ही.