'घे' एवढंच

दाताच्या दवाखान्यात माझ्यासमोर गाल सुजलेले एक आजोबा पेपर वाचत बसले होते. शेजारच्या बाई बराच वेळ त्या पेपरकडे बघत होत्या.

"वाचून झालं की खेळाचं पान मला द्याल? त्या फोटोत माझा मुलगा आहे."

"रिलेच्या? यातला कोणता?"

"मागे न बघता हात पसरलाय ना, तो. मागचा त्याच्या हातात नळी देतोय बघा. बॅटन म्हणतात तिला."

"न बघता घ्यायची? आणि पडली तर?"

"गेल्या वर्षी पडलीच की, एवढ्या मोठ्या आंतरराष्ट्रीय स्पर्धेत. हा म्हणतो त्यानं घाई केली, तो म्हणतो यानं हात हलवला. तेव्हापासून दोघांचा अबोला."

"अहो, मग एकत्र पळतात कसे?"

"नळी देताना तो 'घे' म्हणून ओरडतो. वर्षभर रोज सराव, आणि बोलणं तेवढंच."

"आमच्या धाकट्या भावाचं आणि माझं तेवढंही नाही."

"काल पहिली फेरी जिंकले. आज संध्याकाळी फायनल आहे. सकाळी याचा फोन आला. मी विचारलं, नळी नीट आली ना हातात? तर म्हणतो, आई, ते सोड. काल मी जेवणाच्या हॉलमधून बाहेर पडत होतो, तर तो दारातच भेटला. आपणहून बोलला."

"काय म्हणाला?"

"जेवलास का, म्हणाला."

"मग? तुमच्या चिरंजीवांनी काय सांगितलं?"

"पोटभर जेवला होता हो. पण नाही म्हणाला."