अहो, अजून किती राहिलं?

आता आपल्या मंडळाच्या ह्या जनार्दनाचंच बघा! परवापासून माझ्या डोक्यावर बसलाय, "शेखर, अरे अख्खा फ्रान्स पायी पालथा घातलात तुम्ही दोघांनी, आणि वहिनींचा समोरून एकही फोटो नाही?" नाही! नाहीये! काय करू? हा बघा… पाठ. हा पुढचा… पाठ, आणि शेजारी गाय. गाय समोरून आलीय, कारण गाय थांबली होती! विद्या फोटोसाठी थांबत नव्हती ना! ती पुढे, मी मागे, मग फोटो पाठीचेच येणार की नाही? तुम्हाला सांगतो, सप्तपदीला सात पावलं माझ्या मागून चालली होती ही बाई, त्याचं सगळं उट्टं फ्रान्समध्ये काढलं.

आणि अख्खा फ्रान्स कुठला? एक कोपरा! ल पुई नावाच्या गावापासून काओर नावाच्या गावापर्यंत, अठ्ठावीस दिवस, तीनशे आणि वर थोडे किलोमीटर. आणि मंडळाच्या पत्रकात छापलंय काय, तर 'फ्रान्स पायी पायी, एक हसरी सफर'. हसरी? कोण म्हणालं हसरी? मला विचारलंत का?

तर रोजचा कार्यक्रम असा. विद्या पुढे, मी पन्नास पावलं मागे. अर्धा तास झाला की ही कुठल्यातरी वळणावर दगडावर बसलेली, मी धापा टाकत पोचतो न पोचतो तोच प्रश्न तयार, "अहो, अजून किती राहिलं?" आणि मी म्हणायचो, "आलंच." आता हे 'आलंच' म्हणजे काय, तुम्हाला काय सांगायचं? अर्धा किलोमीटर राहिला असेल तरी आलंच, बारा राहिले असतील तरी आलंच. खोटं नसतं हो ते, धीर असतो! मग ती म्हणायची, "बसू या का जरा?" आणि मी उपकार केल्यासारखा बसायचो. म्हणजे मनातून गुडघा म्हणत असायचा बस रे बाबा, पण तोंडाने काय? "दमलीस का? बरं, बसू. तुझ्यासाठी बसू." अर्ध्या तासाने परत तेच, अहो किती राहिलं, आलंच, बसू या का… डोकं उठायचं माझं!

तुम्ही म्हणाल, पण जायचं कशाला? पन्नाशी उलटल्यावर माणसं अष्टविनायक करतात, गाडीने करतात! तर ऐका. लग्नाआधी विद्याने पुण्यात तीन वर्षं फ्रेंचचे क्लास केलेले. फ्रान्सला जायचं म्हणून. आणि स्थळ आलं माझं, मस्कतचं! मी विचारलं, "मस्कत चालेल?" ती म्हणाली, "चालेल." ह्या बाईने एकतीस वर्षं प्रत्येक गोष्टीला 'चालेल' म्हटलं. अल खुवेरचा एका बेडरूमचा फ्लॅट, चालेल. सुट्टीत फ्रान्सऐवजी माझ्या बहिणीच्या मुलीचं लग्न, चालेल. पुढच्या वर्षी नक्की जाऊ, चालेल. मला वाटायचं, हो म्हणतेय. तुम्हाला सांगतो, ती हो म्हणत नव्हती, सूचना देत होती! एक दिवस खरंच चालेल!

आणि मग तो राउंडअबाउटचा प्रकार झाला. गेल्याच्या गेल्या वर्षी. भाजी घेऊन येत होती, रोजचा रस्ता, आणि राउंडअबाउटला कुठल्या फाट्याने बाहेर पडायचं तेच आठवेना. फिरतेय. गोल गोल फिरतेय. शेवटी पोलीस आला, बिचारा सज्जन, पुढे गाडी घालून घरापर्यंत आणून सोडली. मी काय केलं? मी हसलो! म्हटलं, "अगं, प्रदक्षिणा घालत होतीस की काय?" सगळ्यांना सांगितला किस्सा, जनार्दना, तुलाही सांगितला, तूही हसलास. दोन महिन्यांनी चाव्या फ्रीजमध्ये सापडल्या. मग एक दिवस चमचा हातात धरून मला विचारते, "अहो, ह्याला काय म्हणतात?" तेव्हा नाही हसलो.

डॉक्टरीण बाईंनी स्कॅन बघितले आणि विसरण्याच्या आजाराचं ते लांबलचक नाव सांगितलं. म्हणाल्या, हळूहळू जाईल सगळं. गाडीत बसल्यावर विद्या म्हणाली, "विसरायच्या आत फ्रान्सला जाऊन येऊ. चालत. घाईने बघितलेलं माझ्या लक्षात राहणार नाही." मी गाढव, मी म्हटलं, "अगं, पण जाऊन आल्यावर विसरणारच ना तू?" तर माझ्याकडे बघून म्हणाली, "मग? तुम्ही आहात ना लक्षात ठेवायला."

झालं. आता मस्कतमध्ये चालायची प्रॅक्टिस करून दाखवा! इथे माणूस लिफ्टमधून गाडीत आणि गाडीतून मॉलमध्ये. रस्त्याच्या कडेने चालायला लागलो तर प्रत्येक टॅक्सीवाला हॉर्न देतो, आणि टॅक्सी नसलेले तर गाडी थांबवून काच खाली करतात, कुठे सोडू? एवढी प्रेमळ माणसं, चालूच देत नाहीत! मग उन्हाळा लागला म्हणून मॉलमध्ये. पाठीवर सॅक, सॅकमध्ये वजन म्हणून पाच किलो तांदूळ आणि दोन किलो तूरडाळ, आणि आम्ही दोघं सरकत्या जिन्याशेजारून फेऱ्या मारतोय. तिसऱ्या दिवशी मुस्तफा नावाच्या सिक्युरिटीवाल्याने अडवलं. "सर, किधर जा रहे हो रोज रोज?" विद्या म्हणाली, "फ्रान्स." त्याने शांतपणे हात केला, "सीधा जाओ मॅडम, इन्शाल्ला."

आणि आमचा अर्बाब, म्हणजे मालक! गाला भागातल्या ऑफिसात रजेचा अर्ज घेऊन गेलो. त्याने वाचला, चष्मा काढला, "शेखर, महिना? पैदल? क्यूं, उधर गाडी नहीं है?" म्हटलं, है अर्बाब. "फिर?" सांगितलं त्याला खरं. बायकोचं सगळं सांगितलं. त्याने पेन काढलं, सही केली आणि म्हणाला, "जाओ. यल्ला, जल्दी जाओ." त्या 'जल्दी'वर मी त्याच दुपारी तिकिटं काढली.

तर गेलो. पहिल्याच रात्री यात्रेकरूंच्या मुक्कामात अकरा माणसं एका खोलीत, अकरांचं घोरणं, आणि घोरण्याला भाषा नसते हे मला तिथे कळलं. जेवायला काय? मसूर! फ्रान्सला जाऊन मसुरीची उसळ! वर एक दिवस तर बटाट्यात चीज घोटून दिलं, अशी तार निघाली की मी उभा राहिलो तरी तुटेना. आणि विद्या खूश. अहो, एवढी खूश! चमच्याला चमचा म्हणायचं विसरलेली बाई, तिला क्लासमधलं एक वाक्य पक्कं आठवत होतं, "ऊ ए ला गार?" म्हणजे स्टेशन कुठे आहे? भेटेल त्याला विचारायची. स्टेशन चाळीस किलोमीटरवर! पण एका म्हातारबाईंनी हातातलं काम टाकून, अंगणात काठीने नकाशा काढून सगळा रस्ता समजावला. विद्याने प्रत्येक वळणाला मान डोलावली, "मेर्सी" म्हणाली, आणि आम्ही उलट्या दिशेने निघालो.

आणि मध्ये मध्ये चालूच, "अहो, अजून किती राहिलं?" आलंच. "अहो, बसू या का?" बसू. आमची तेजश्री तिकडून फोनवर, मस्कतच्या शाळेतलं तिचं मराठी, "बाबा, आई टायर्ड होते ना, तर तुम्ही तिला एवढा चालू नका!" मी म्हटलं, मी कुठे चालवतोय, तीच मला चालवतेय!

मग बाविसावा दिवस. आता हा फोटो बघा. इथेही पाठच आहे. दगडी गडगे, खुरटी झाडं, डोक्यावर ऊन, अगदी आपल्या निझवाच्या वाटेवर असल्यासारखं. ती गडग्यावर बसली होती. मी पोचलो, गुडघा सुजलेला, म्हटलं आता विचारणार. तिने विचारलं. "अहो काका, तुम्हीपण पायीच का?"

काका!

मी हसलो. म्हटलं, थट्टा करतेय. ती पण हसली, पण परक्या माणसाकडे बघून आपण हसतो ना, तेवढंच. मी म्हटलं, "विद्या, अगं, मी!" तर सॅक छातीशी घट्ट धरली आणि दोन पावलं मागे सरकली. घाबरली हो! माझी बायको मला घाबरली. तेव्हा मी म्हटलं, "नाही नाही… हो, मीपण पायीच." निदान दादा तरी म्हणायचं!

मग बसली परत. म्हणाली, "इथे मराठी माणूस भेटेल असं वाटलं नव्हतं. आमचे हेपण मराठीच आहेत." म्हटलं, असं का. "मागे राहिलेत ते. येतीलच." सॅकमधून राजगिऱ्याचे दोन लाडू काढले, एक ठेवून दिला, "हा ह्यांना लागतो," आणि दुसऱ्यातला अर्धा मला दिला. म्हणजे माझा लाडू माझ्यासाठीच राखून ठेवला, आणि मला मिळाला अर्धा!

आणि मग ती सांगायला लागली. "काका, ह्यांचा गुडघा दुखतो, पण सांगायचे नाहीत कधी. जीव गेला तरी बसू म्हणणार नाहीत. म्हणून मीच थांबते आणि विचारते, अजून किती राहिलं. म्हणजे त्यांना वाटतं, मीच दमले. मग बसतात." आणि हसली. "ते 'आलंच' म्हणतात. खोटं असतं. मला माहीत असतं. पण ते म्हणाले ना, की खरंच आल्यासारखं वाटतं."

एकतीस वर्षांत हे मला तिने सांगितलं नव्हतं. सांगितलं ते एका काकाला! रडू आलं हो मला. तिथे, गडग्यावर, हातात अर्धा लाडू. तिने पाण्याची बाटली पुढे केली, "ऊन लागलं का काका?" म्हटलं, हो. ऊनच.

संध्याकाळी मुक्कामाला पोचलो तर हिचं डोकं एकदम स्वच्छ! "अहो, गुडघ्याची गोळी घेतलीत का?" जसं काही झालंच नाही. पण माझी झोप उडाली. कारण तुम्हाला सांगतो, आपल्या भाषेची इथेच पंचाईत आहे. नवऱ्याला अहो, आणि वाटेवरच्या परक्या माणसालाही अहो! 'काका' जोडलं म्हणून त्या दिवशी कळलं तरी. त्याच्या आधीचे एकवीस दिवस ती ज्याला "अहो, किती राहिलं" विचारत होती, तो कुठला अहो होता? आदल्या वर्षी चमचा दाखवून "अहो, ह्याला काय म्हणतात" विचारलं, ते कुणाला? मी हिशोब लावत बसलो, मोडत बसलो. लागत नाही.

काओरला पोचलो. नदीवर जुना पूल आहे, त्यावर उभी राहिली, म्हणाली, "आलं." म्हटलं, हो, आलं. पहिल्यांदाच खरं बोललो.

परत येऊन आता पाच महिने झाले. फ्रान्स गेला तिचा. सगळा गेला, मसूर गेली, म्हातारबाई गेल्या, पूल गेला. लक्षात ठेवायचं काम माझ्याकडे आहे, ते करतोय, म्हणून तर जनार्दनाला हो म्हटलं, म्हटलं चारचौघांत एकदा सगळं बोलून ठेवावं. सकाळी कधी कधी हाक येते, "अहो, चहा झालाय." मी उठतो आणि चहा पितो. कुठला अहो ते विचारत नाही.

चालणं मात्र राहिलंय. पाय विसरत नाहीत. बरं, आता मला आवरायला हवं, शेजारच्या अस्मिता वहिनी विद्याजवळ बसल्यात आणि साडेपाचला ती बूट घालून दारात उभी राहते. मग आम्ही अझैब्याच्या किनाऱ्यावर जातो. ती पुढे, मी मागे. अर्ध्या वाटेवर एक बाक आहे, तिथे थांबते, मागे वळून बघते. माझ्या पलीकडे बघते. "काका, आमचे हे मागे राहिलेत. ते येईपर्यंत जरा थांबाल का?"

मी म्हणतो, "चालेल."

"फार मागे असतील का हो?"

"छे! आलेच."

मग बसतो आम्ही. समोर समुद्र, मध्ये राजगिऱ्याचा एक लाडू राखून ठेवलेला, आणि आम्ही दोघं मिळून माझी वाट बघतो. रोज बघतो. आणि तुम्हाला खरं सांगू का… फार उशीर लावतो हो हा माणूस!