टेसा हलली नाही

सिंगापूरमधल्या टॅम्पिनीसच्या बसथांब्यावर मराठी कानावर पडली आणि अनुजाने मोबाइल खाली केला. मागे काळा चष्मा घातलेले एक आजोबा आणि त्यांची बायको उभी होती. आजोबांच्या हातात अंधांना वाट दाखवणाऱ्या लॅब्रॅडॉर कुत्रीच्या हार्नेसची मूठ होती.

"अहो, टेसाला ठेवून घ्यायचं की परत पाठवायचं? ट्रेनरला आजच सांगायचंय."

"मेधा, मघाशी मी तीनदा फॉरवर्ड म्हटलं. ती जागची हलली नाही."

"समोरून इलेक्ट्रिक गाडी वळत होती, आवाजसुद्धा नाही. धोका दिसला की ऐकायचं नाही, असंच शिकवलंय तिला."

"तीस वर्षं जहाजावर चीफ इंजिनियर होतो मी. माझा हुकूम मोडायची कुणाची छाती झाली नाही."

"घरी मी मोडते की."

"तू आरडाओरडा करून मोडतेस. ही शेपूटसुद्धा न हलवता उभी राहिली."

"म्हणजे आवडली!"

"मी तसं म्हटलं नाही."

बस आली. मेधाबाई पर्समध्ये कार्ड शोधू लागल्या.

"फॉरवर्ड."

टेसा हलली नाही. बसच्या दारापुढून एक सायकलवाला सुसाट गेला. मागून दुसरा येत होता.

"सापडलं कार्ड. गेला तो, चला आता!"

"घाई करू नकोस, मेधा. चीफ अजून थांबलीये."