हे तेव्हा इथे नव्हतेच

— नाही मॅडम, ती खुर्ची नको, तिचा एक पाय निखळलाय, ही घ्या. चहा गार होतोय तुमचा. तर मी काय सांगत होते, हे तेव्हा इथे नव्हतेच. पासपोर्टवर शिक्का आहे ना? मग झालं तर. आठ तारखेला गेले ते पुढच्या महिन्याच्या अठराला आले, चाळीस दिवस, बॅग मीच भरून दिली होती. यांच्या क्रेन तिकडे बंदरावर, कमाई तिकडे, इथे आपलं येऊन-जाऊन असतात. इथलं म्हणाल तर ते कोपऱ्यावरचं एक दुकान, भाड्याने दिलेलं, त्याचा कर दर तीन महिन्यांनी भरतात, एक दिवस चुकत नाहीत. या वर्षीचे इथले एकशे एकाहत्तर दिवस झाले आणि गुरुवारचं विमान आहे. वर्षात एकशे त्र्याऐंशी दिवस इथे भरले की तिकडच्या कमाईवरही इथे कर — बघा, मला पाठ आहे. म्हणून हे त्याआधीच निघतात, आणि नवं वर्ष लागेपर्यंत, म्हणजे चांगले पाच महिने, फिरकत नाहीत. कर खात्यातल्या बाईला मी काय सांगायचं म्हणा. पण खरं सांगू का, ज्याने कुणी हा नियम केला ना, त्याचे पाय धरावेत. गुरुवार म्हणजे परवा. परवा संध्याकाळी या घरात आम्ही दोघीच असू, मी आणि छोटी — माझी मुलगी, पंधराची आहे, आत अभ्यास करतेय. दार लावून जेवू, टीव्ही मोठ्याने लावू. बस, एवढंच हवंय मला.

कसला कागद? बघू. चष्मा लागेल मला, थांबा… हा हॉस्पिटलचा अर्ज तुमच्याकडे कसा आला? बिलाला जोडलेला? कुठल्या बिलाला? म्हणजे — छोटीच्या हाताचं बिल यांनी सवलतीसाठी तुमच्याकडे लावलं? दुकानाच्या करातून वजा करायला? मॅडम, जरा बसते मी. आपणच पोरीचा हात मोडायचा आणि वर त्याची सूट घ्यायची — काय? काय म्हणाले मी? काही नाही. पडली ती. जिन्यावरून. या घराला जिना कुठाय म्हणता, तो… शाळेचा जिना.

पुढच्या महिन्याची दोन तारीख आहे हो त्यावर, दिसतंय मला. पालकाची सही म्हणून यांचीच सही आहे, तेही दिसतंय. आणि दोन तारखेला हे परदेशात होते. मग सही कशी. बरोबर आहे तुमचं. तुम्ही ते पेन खाली ठेवता का जरा? ठेवा. मग सांगते. माणसाने कुणाला तरी एकदा सांगावं की नाही?

आठला गेला तो खरंच गेला. पण दोन पासपोर्ट आहेत त्याच्याकडे, इथला एक, तिकडचा एक, इथल्यावर जायचं आणि तिकडच्यावर यायचं. अकरा तारखेला दुपारी परत. का, तर मी एकटी असताना कशी राहते ते बघायला. काय बघितलं? पलीकडच्या शिवणवाल्या काकू आल्या होत्या, पडद्यांचं माप घ्यायला, काहीतरी बोलल्या आणि मी हसले. तेवढं ऐकलं त्याने दारातून. त्या जाईपर्यंत मागच्या बाजूला उभा राहिला, मग आत आला, बॅग नीट भिंतीला लावून ठेवली, आणि माझं तोंड त्या ओट्याच्या कडेवर — इथे, हा दात, हा खोटा आहे. आणि वर काय म्हणाला सांगू? ओरडायचं नाही, म्हणाला. मी इथे नाहीच.

तिथपासून सदतीस दिवस, मॅडम. कागदावर परदेशात आणि घरात पंख्याखाली. बाहेर पडायची सोय नाही, कुणी बघितलं तर? पूर्वी निदान संध्याकाळी चार तास बाहेर असायचा, आम्ही श्वास घ्यायचो. आता दिवसभर आत. खिडक्या बंद, टीव्हीचा आवाज बंद, आम्ही तिघं त्या दोन खोल्यांत. पाणी गार का, ते नाही विचारायचा, आधी पट्टा काढायचा आणि मग विचारायचा. हे मधलं बोट आणि हे त्याच्या शेजारचं, उजव्या हाताची, दाराच्या फटीत धरून दार लावलं त्याने, सावकाश, माझ्याकडे बघत. मी ओढणीचा बोळा दातात धरला होता. आवाज नाही केला हो, एवढासुद्धा. पट्ट्या लावून बांधली मी घरीच, म्हणून अशी वाकडी जुळलीत. आणि शेजारपाजारचे मला विचारायचे, काय म्हणतो नवरा, बरं आहे ना तिकडे? मी म्हणायचे, बरं आहे, तिकडे थंडी फार आहे.

मग दोन तारीख. माझ्या पाठीत लाथ बसत होती आणि छोटी मध्ये पडली. मी तिला कितीदा बजावलंय, आत जायचं, कपाटात बसायचं, कानावर हात ठेवायचे. नाही ऐकलं. पडली मध्ये. त्याने तिचा हात धरला आणि पिळला, ओला कपडा पिळतात तसा, आणि मी ऐकलं मोडलेलं. ती ओरडली नाही. माझ्यासारखीच तयार झालीये पोरगी, ओरडली नाही. ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. गावाच्या पार दुसऱ्या टोकाच्या हॉस्पिटलात नेलं, हा टोपी घालून, काळा चष्मा लावून. ऑपरेशनच्या आधी तिथल्या बाईने अर्ज पुढे केला, पालक कोण? मी डाव्या हाताने पेन घेतलं तर याने हिसकावलं. मी असताना तू कोण सही करणारी? आणि केली सही, ऐटीत, तारीख घालून. इतके दिवस उंदरासारखा लपला आणि तिथे राहवलं नाही त्याला. मग अठराला पुन्हा एक फेरी मारून आला, यावेळी इथल्या पासपोर्टवर, सगळ्या गल्लीला दिसेल असा.

घ्या हवं तर पेन. लिहा. एकशे एकाहत्तर आणि सदतीस, दोनशे आठ. मी तर रोज मोजते. तुम्हाला एक सांगू? पंधरा-सोळा दिवसांपूर्वी हा जेवून झोपला होता, इथेच, तुमच्या पायाशी, उताणा. माझ्या हातात हातोडी होती. कशी आली, मला नाही आठवत. कपाळावर कुठे मारायची तेसुद्धा ठरलं होतं, या इथे, भुवईच्या वर. डाव्या हाताने जमेल का, एवढाच प्रश्न होता. आणि मी मोजायला लागले. गुरुवारला सतरा दिवस. सतराच. हातोडी परत खणात ठेवली आणि भांडी घासायला घेतली. त्याचा जीव तुमच्या नियमाने वाचवला, त्याला माहीतसुद्धा नाही.

आता तुम्ही काय करणार? दोन्ही पासपोर्ट जमा. उद्याच. बरं होईल, उतरेल ताठा — थांबा. पासपोर्ट जमा केल्यावर गुरुवारचं विमान? नाही जाता येणार? चौकशी संपेपर्यंत? किती चालते तुमची चौकशी… वर्ष. दीड वर्षसुद्धा. आणि तोवर तो राहणार कुठे? पत्ता कुठला आहे तुमच्या कागदावर? वाचा ना, मोठ्याने वाचा.

हा. हाच.

पोलिसांचं नका सांगू मला, गेले होते मी एकदा. त्यांनी यांनाच फोन केला, घेऊन जा म्हणून. त्या रात्रीचं तर मी सांगितलंच नाही तुम्हाला. नाही मॅडम. खोडा. सगळं खोडा. मी मघाशी काहीच बोलले नाही. हे तेव्हा इथे नव्हतेच. वर्षभर हा माणूस या घरात राहिला तर इथून एक प्रेत निघेल, आणि ते कुणाचं असेल ते मला ठाऊक नाही, म्हणून सांगतेय, खोडा. छोटी शाळेच्या जिन्यावरून पडली. सही मी केली. यांच्या नावाने, खोटी. हो, बोटं बांधलेली होती, मीच सांगितलं, म्हणून तर डाव्या हाताने केली. द्या इकडे पेन. अठरा वर्षं बघतेय ही सही, शेवटचा फटकारा कसा ओढतात तोही येतो मला. हे बघा. आहे ना तशीच? दिसतेय ना तशीच? मग. खोटी सही गुन्हा आहे, मला माहीत आहे, लिहा माझ्या नावावर, दंड, कैद, जे काय असेल ते. फक्त गुरुवारनंतर या. छोटीला काकूंकडे ठेवेन आणि चप्पल घालून तयार बसेन मी, न्या मला.

आता उठा. पाच वाजत आले, हे न्हाव्याकडून परततील. कप राहू द्या तिथेच, मी विसळून ठेवते, दोन कप दिसायला नकोत. मागच्या दाराने जा. आणि फाटक हळू लावा, मॅडम. कडी वाजली की छोटी कपाटात जाऊन बसते.